उसवले, विरले की फाटले? : आजीच्या लुगड्यातला दंड आणि कापड सांधण्याची विद्या

बोरीकाठ (अमळनेर), धागाकर्ती

गेल्या महिन्यात जुन्या घराची आवराआवर करताना माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत आजीचे एक लुगडे सापडले. हिरव्या अंगाचे, लाल काठाचे, सुती, नऊवारी. अंगणात खाटेवर पसरले तेव्हा साधारण मध्यावर, एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत गेलेली आडवी शिवण दिसली. ती इतकी चपटी आणि बारीक होती की बोट फिरवले नसते तर कळलीही नसती. आईने पाहताच सांगितले, "हा दंड आहे."

ज्यांनी हा शब्द ऐकलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. नऊवारी लुगडे नेसल्यावर सगळीकडे सारखे झिजत नाही. कासोट्याचा आणि बसण्याचा भाग आधी विरतो, तर दोन्ही टोके पुष्कळ काळ धड राहतात. म्हणून विरलेला भाग कापून काढायचा आणि उरलेले धड तुकडे जोडायचे, किंवा दोन जुन्या लुगड्यांचे चांगले भाग एकत्र आणून त्यांचे एक लुगडे करायचे, अशी रीत होती. त्या जोडाला दंड म्हणत आणि त्या कामाला दंड घालणे. दंड घातलेले लुगडे घरात आणि शेतात नेसले जाई, लग्नकार्यात नाही.

आमच्या आजीला कपड्याची नासधूस आवडत नसे, परंतु त्याहूनही तिला चुकीचा शब्द आवडत नसे. कोणी शिवण सुटलेला कपडा आणून "फाटला" म्हटले की ती तो हातात घेई, उजेडाकडे धरी आणि अहिराणीत म्हणे, "हाई उसवेल शे, फाटेल नही." त्या वेळी मला ते शब्दांचे खुसपट वाटत असे. आज पेटीतले लुगडे हातात घेतल्यावर मात्र मला पहिला प्रश्न तोच पडला. दंडाची शिवण जशीच्या तशी आहे, पण पदराकडच्या अंगाला घडीच्या रेषेवर चार बोटे लांबीची चीर गेली आहे. ती कशी सांधावी? रफू करावा की ठिगळ लावावे? आणि कापूस पिकवणाऱ्या, सूतगिरण्या आणि मिल पाहिलेल्या आपल्या खानदेशात कापड सांधण्याची जी रीत आणि जे शब्द होते, ते ज्यांना ठाऊक असतील त्यांनी कृपया येथे सविस्तर लिहावे.

जुना कारागीर (धुळे)

मी चाळीस वर्षे धुळ्यात शिवणकाम केले आणि त्यातली बरीच वर्षे नव्या कपड्यांइतकेच दुरुस्तीचे काम केले. आपल्या आजींचा आग्रह योग्य होता, कारण सांधणाऱ्याचे अर्धे काम कपडा हातात घेऊन पाहण्यात होते, सुई नंतर येते.

उसवणे म्हणजे शिवणीचा दोरा तुटणे किंवा सुटणे. यात कापडाला इजा झालेली नसते, म्हणून जुना दोरा काढून त्याच रेषेवर पुन्हा टीप मारली की काम झाले. फाटणे म्हणजे चांगल्या, दमदार कापडाला खिळा, काटा किंवा ओढ बसून धागे तुटणे. येथे तुटलेल्या जागेच्या चारही बाजूंना मजबूत कापड असते आणि रफू त्याच मजबुतीवर उभा राहतो. विरणे ही तिसरी आणि सर्वांत अवघड गोष्ट आहे. धागे तुटण्याआधीच झिजून अर्धे झालेले असतात, उजेडात धरले की जाळी दिसते. अशा कापडावर रफू केला तर आपलाच दोरा त्याला पुढे फाडत नेतो. चौथी अवस्था कसरीची, म्हणजे कापड खाणाऱ्या किडीची. ती बहुधा लोकरीच्या कपड्यांना लागते आणि तिथे सांधण्याआधी कपडा उन्हात घालून, झटकून, धुऊन कीड गेल्याची खात्री करावी लागते.

रफूची पद्धत सांगतो, कारण ती आता फार थोड्यांना नीट येते. शक्य असेल तर दोरा त्याच कपड्यातून घ्यावा. खालची दुमड किंवा शिवणीच्या आत दडलेली पट्टी उसवली की तेथून उभे आणि आडवे दोन्ही धागे मिळतात, आणि त्यांचा रंग कपड्याबरोबरच उतरलेला असल्यामुळे ते वेगळे दिसत नाहीत. दोऱ्याला गाठ कधीही मारायची नाही. भोकापासून निदान अर्धा इंच बाहेर, जिथे कापड पक्के आहे तिथून, बारीक धावदोरा घालत भोकाच्या काठापर्यंत यायचे, भोकावरून दोरा सरळ पलीकडे न्यायचा, पुन्हा पक्क्या कापडात शिरायचे आणि परत फिरायचे. फिरताना वळणावर दोऱ्याचा अगदी लहान फास सैल ठेवायचा, कारण धुतल्यावर नवा दोरा आकसतो आणि फास नसेल तर सगळी जागा गोळा होते. असा उभा ताणा भरून झाला की आडवा बाणा एक सोडून एक धाग्याखालून विणत न्यायचा. साध्या विणीच्या कापडाला हे पुरते. तिरप्या विणीचे कापड असेल, जसे पँटचे असते, तर मूळ विणीत किती धागे वर आणि किती खाली आहेत ते मोजून त्याच क्रमाने विणावे लागते. रफूगार भिंगातून काम करतो ते याच मोजणीसाठी.

सुईविषयी एक गोष्ट नवीन माणसांना नेहमी गोंधळात टाकते. हातशिलाईच्या सुईचा नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक असते, आणि मशीनच्या सुईचे नेमके उलटे असते. चौदा नंबरपेक्षा सोळा जाड आणि सोळापेक्षा अठरा जाड. दुकानात नुसता नंबर सांगून सुई मागितली तर म्हणूनच चूक होते.

दोऱ्याविषयी मात्र मी फार आग्रही आहे. सुती कपड्याला सुती दोराच लावावा. आज बाजारातला बहुतेक दोरा पॉलिस्टरचा असतो, तो मजबूत असतो आणि स्वस्तही पडतो, पण जुन्या सुती कापडापेक्षा तो बळकट ठरतो आणि ओढ बसली की कापडालाच कापतो. ओढ बसल्यावर दोरा तुटावा, कापड नव्हे. उसवलेली शिवण दहा वेळा घालता येते, पण शिवणीशेजारी कापलेले कापड पुन्हा जोडायला जागाच उरत नाही. आपल्या आजींच्या दंडाची शिवण टिकली आणि शेजारचे कापडही टिकले, यावरूनच तो दोरा सुती असणार हे मी न पाहता सांगू शकतो.

आता आपल्या लुगड्याविषयी. घडीवर गेलेली चीर ही फाटलेली दिसली तरी बहुतेक वेळा ती विरलेली असते. वर्षानुवर्षे एकाच घडीत राहिल्यामुळे त्या रेषेवरचे धागे मोडतात. चिरेच्या दोन्ही बाजूंचे कापड उजेडात धरून पाहा. जाळी दिसली तर रफू करू नका, खालून अस्तर द्या आणि त्यासाठी जुने, अनेकदा धुतलेले मलमल घ्या.

वाघूरकाठ

मी पाली भाषेचा विद्यार्थी आहे आणि अजिंठ्याच्या वाटेवरच्या एका गावात वाढलो. ज्या नदीच्या काठी माझे गाव आहे तीच वाघूर नदी अजिंठ्याच्या लेण्यांपुढून वळते, म्हणून लेण्यांत राहणारे भिक्षू काय नेसत आणि ते फाटले की काय करत, हा प्रश्न मला लहानपणापासून जवळचा वाटत आला आहे.

विनयपिटक या भिक्षूंच्या आचारनियमांच्या पाली ग्रंथातील महावग्ग या भागात चीवरांविषयी, म्हणजे भिक्षूंच्या वस्त्रांविषयी, एक संपूर्ण प्रकरण आहे. भिक्षूने उकिरड्यावर किंवा स्मशानात टाकलेली वस्त्रे गोळा करून त्यांचे चीवर करावे, अशी आरंभीची रीत होती आणि त्याला पांसुकूल म्हणत. पुढे बुद्धांनी मगधातील बांध घातलेली शेते पाहून, तशा आखणीचे चीवर करता येईल का, असे आपले शिष्य आनंद यांना विचारले आणि आनंदांनी तुकडे जोडून तसे चीवर बेतले. त्यामुळे भिक्षूचे वस्त्र नवे असले तरीही ते तुकड्यांचे जोडलेलेच असते. याच प्रकरणात कपडा विरला तर काय करावे याची परवानगी दिलेली आहे आणि तिथे दोन वेगळे शब्द येतात: अग्गळ म्हणजे ठिगळ आणि तुन्न म्हणजे रफू. जुना कारागीर यांनी वर जो भेद केला आहे, तो अडीच हजार वर्षांच्या परंपरेतही नेमका तसाच होता हे पाहून मला फार आनंद झाला.

हा तुन्न शब्द पुढे दूरवर गेला आहे. अमरकोशात शिंप्याला तुन्नवाय म्हटले आहे, म्हणजे फाटलेले विणणारा. जुन्या मराठी कोशांत तुणणे हे क्रियापद रफू करणे याच अर्थाने मिळते. रफू हा शब्द फारसीतून आला आणि स्थिरावला, तेव्हा आपला हा शब्द मागे पडला. आपल्यापैकी कोणाच्या घरी किंवा गावी तुणणे हा शब्द अजून बोलण्यात असेल तर कृपया लिहावे.

चीवर ही फुकटची गोष्ट नव्हती, याचा पुरावाही जवळच आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांत क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. त्याने गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे, म्हणजे व्यावसायिक संघाकडे, २००० कार्षापण (त्या काळची नाणी) कायमची ठेव म्हणून ठेवले. त्यावर दरमहा शेकडा एक व्याज होते आणि त्या व्याजातून लेण्यात वर्षावास (पावसाळ्यातला मुक्काम) करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी मिळत. वर्षाचे व्याज २४० होते आणि हिशेब बरोबर जुळतो. विणकरांच्या श्रेणीनेच कापडाच्या पैशाची जबाबदारी घेतली होती, ही गोष्ट मला विशेष वाटते.

केळीबाग (रावेर)

इतिहासातले मला फारसे सांगता येणार नाही, पण आमच्या भागातली एक गोष्ट या धाग्यात असायला हवी असे वाटते. केळीचा चीक कपड्याला लागला की आधी दिसत नाही, हवा लागली की तपकिरी होतो आणि पुढे काळपट डाग पडतो, तो कोणत्याही साबणाने जात नाही. म्हणून रावेर-यावल पट्ट्यात केळीच्या कामाचे कपडे वेगळे असतात आणि कोणताही नवा कपडा त्या कामावर जात नाही. घरातला सदरा आधी बाहेर घालायचा, मग घरात वापरायचा, मग कोपर किंवा कॉलर विरली की ती उलटवून शिवायची आणि शेवटी तो बागेत जायचा. बागेतल्या सदऱ्याला ठिगळ लावताना रंग जुळवण्याचा प्रश्नच येत नाही, कारण चार दिवसांत सगळा सदरा एकाच रंगाचा होतो. माझे वडील खांद्याला मात्र दुहेरी ठिगळ लावून घेत, कारण घड खांद्यावर वाहताना तिथेच चीकही गळतो आणि झीजही होते.

कॉलर उलटवणे हे काम आता कोणी करत नाही. पूर्वी आमच्या गावातल्या शिंपीदादांकडे शाळा सुरू होण्याआधी त्यासाठी कपड्यांचे ढीग असत. कॉलर उसवायची, झिजलेली बाजू आत घालायची आणि पुन्हा बसवायची, की तोच सदरा आणखी एक-दोन वर्षे चाले.

पांझराकाठ

मी या धाग्यात थोडा वेगळा सूर लावणार आहे आणि धागाकर्तीने तो मनावर घेऊ नये अशी विनंती आहे. सांधण्याच्या कौशल्याचा मला आदर आहे, पण त्याची आठवण काढताना आपण एक गोष्ट झाकत आहोत असे मला वाटते. रफू आणि ठिगळ यांत नुसता तंत्राचा फरक नाही. रफू लपतो आणि ठिगळ दिसते. ज्यांच्या घरी रफूगाराला द्यायला पैसे होते त्यांचा फाटका कोट धड दिसला, आणि ज्यांच्या घरी नव्हते त्यांच्या मुलांच्या चड्डीची दोन ठिगळे सगळ्या वर्गाने पाहिली. मी त्या मुलांपैकी एक होतो. माझी आई फार सुबक ठिगळ लावत असे, कोपरे गोल कापत असे म्हणजे ते उचकटत नाही, ताण्याला ताणा जुळवत असे, तरीही मी शाळेत भिंतीला पाठ लावून उभा राहत असे. तिच्या हातातली कला मला आज कळते, तेव्हा फक्त ठिगळ कळत होते. त्यामुळे लोक मुद्दाम फाडलेल्या किंवा ठिगळ लावलेल्या कपड्यांना शोभा मानतात तेव्हा मला ते सहजपणे पाहता येत नाही.

दुसरा मुद्दा लुगड्याचा. ते आता कोणी नेसणार नाही. मग ते सांधायचे कशाला? त्यावरचा दंड, त्यावरची झीज आणि घडीवरची चीर हे सगळे मिळूनच ते लुगडे आहे. माझा सल्ला असा की त्याला सुई लावूच नये, धुऊ नये आणि आहे तसे जपावे.

वाघूरकाठ

पांझराकाठ यांच्या पहिल्या मुद्द्याशी मी पूर्णपणे सहमत आहे आणि त्याला दूरचे एक उदाहरण जोडतो. जपानच्या थंड उत्तर भागात, आओमोरीसारख्या ठिकाणी, कापूस पिकत नसे. तेथील शेतकरी ताग-अंबाडीसारख्या झाडांच्या धाग्याच्या कापडावर जुन्या सुती चिंध्यांचे थरावर थर शिवून कपडे आणि पांघरुणे करत. पुढे सुबत्ता आली तेव्हा त्या घरांना त्या कपड्यांची लाज वाटली आणि आज तीच वस्त्रे संग्रहालयांत जपून ठेवली जातात.

आपल्याकडे कापूस दारात होता, हा फरक मोठा आहे आणि तो मला अधिक बोचतो. सतराव्या शतकात तावेर्निये या फ्रेंच व्यापाऱ्याने बऱ्हाणपूरच्या तलम, आरपार दिसणाऱ्या कापडाचे आणि ते इराण, तुर्कस्तानपर्यंत जात असल्याचे वर्णन केले आहे. बऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात असले तरी फारुकी राजांच्या काळापासून ती खानदेशाची राजधानी होती. म्हणजे जगभर जाणारे मलमल ज्या सुभ्यात विणले जात होते, त्याच सुभ्यातल्या शेतकऱ्याच्या घरात लुगड्याला दंड घातला जात असणार. कापूस पिकवणे आणि कापड परवडणे या दोन गोष्टी एक नाहीत.

सातपुडा (शहादा)

गोधडीविषयी अजून कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो, कारण माझ्या मते विरलेल्या कापडाचे खरे उत्तर तेच आहे. जुना कारागीर यांनी सांगितले की विरलेल्या कापडावर रफू टिकत नाही, आणि ते खरेच आहे. एकटे विरलेले कापड ओढ सहन करत नाही, पण अशी चार-पाच कापडे एकमेकांवर घालून जवळजवळ टाक्यांनी बांधली की ओढ सगळ्यांत वाटली जाते. आमच्याकडे हे काम उन्हाळ्यात होई, कारण पीक निघालेले असते, अंगण कोरडे असते आणि धुतलेले कापड तासाभरात वाळते. सारवलेल्या अंगणात खाली धड लुगडे पसरायचे, त्यावर विरलेली लुगडी, धोतरे आणि लहान तुकडे सुरकुती न पडेल असे लावायचे, वर पुन्हा एक धड लुगडे घालायचे आणि मोठ्या कच्च्या टाक्यांनी सगळे थर एकत्र धरायचे. मग दोन-तीन बायका कडेकडेने बसून बाहेरून आत धावदोऱ्याचे फेर घालत येत. मधोमध पोहोचेपर्यंत कित्येक दुपारी जात. आमची आजी गोधडीला वाकय म्हणे, कारण अहिराणीत वाकळेचा ळ असा य होतो.

पाळण्यातल्या बाळाचे दुपटे मात्र नेहमी सर्वांत मऊ, म्हणजे सर्वांत विरलेल्या कापडाचेच करत. नव्या कोऱ्या कापडाची खळ बाळाच्या अंगाला टोचते.

आणि सांधणे हे केवळ अंगावरच्या कपड्यांपुरते नव्हते. मी लहानपणी बाजार समितीच्या आवारात बारदान सांधणारी माणसे पाहिली आहेत. फाटक्या पोत्यांचे ढीग समोर, हातात दाभण आणि सुतळी, आणि ठिगळासाठी त्याहून फाटक्या पोत्याचा तुकडा. त्यांचा टाका सैल आणि लांब असे, कारण भरलेले पोते उचलले की सगळा भार शिवणीवर येतो आणि आवळलेला टाका ताग कापतो. जुना कारागीर यांनी दोऱ्याविषयी जे सांगितले तेच येथे दुसऱ्या रूपात आहे.

बोरीकाठ (अमळनेर), धागाकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. पांझराकाठ, आपले म्हणणे मला लागले आणि ते योग्य ठिकाणी लागले. दंडाचे लुगडे लग्नाला नेसत नसत हे मी पहिल्याच प्रतिसादात सहज लिहून गेले, पण त्या एका वाक्यात आजीने किती लग्ने टाळली असतील याचा विचार मी केला नव्हता.

आत्याला काल फोन केला. आता तिचे वय ८८ आहे. ती म्हणाली की हा दंड महायुद्धाच्या काळातला आहे. १९४३ साली सरकारने सुती कापड आणि सुतावर नियंत्रणाचा आदेश काढला. पुढची काही वर्षे कापडाची टंचाई आणि रांगा यांची आठवण आमच्या घरात अजून सांगितली जाते. आजोबा मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर, होते. दिवसभर हातांखालून वारच्या वार कापड जात असे आणि घरी आजी दंड घालत असे. आत्याला त्या काळातले एक विशेष आठवते. दिवे लागल्यावर शेजारीण सुई मागायला आली तर आजी देत नसे, पण तेवढ्यात तिचे काम स्वतःच करून देई. सुई घराबाहेर जाऊ द्यायची नाही, टाका मात्र जाऊ द्यायचा.

शिवणाचे यंत्र आमच्या घरी फार उशिरा आले. गांधीजींनी १९२४ साली यंत्रांविषयी बोलताना शिवणयंत्राचा अपवाद केला होता, हे आजोबा फार अभिमानाने सांगत. आजी मात्र दंड हातानेच घाली, कारण यंत्राची टीप दोन्ही बाजूंनी सारखी आवळते आणि अशी शिवण कासोट्यात टोचते, असे तिचे म्हणणे होते.

आता प्रश्न असा, की सुई लावूच नये हा सल्ला पाळावा, की अस्तर द्यावे? उजेडात धरून पाहिले. चिरेच्या दोन्ही बाजूंना जाळी आहे. म्हणजे ते विरलेले आहे.

जुना कारागीर (धुळे)

पांझराकाठ यांचा दुसरा मुद्दा मी दोन दिवस मनात घोळवला. मी धंद्यातला माणूस असल्यामुळे हातात आलेला कपडा वापरण्याजोगा करूनच परत द्यायचा, हीच माझी सवय. पण हे लुगडे वापरायचे नाही, जपायचे आहे, आणि मग काम वेगळे होते. तरीही काहीच न करणे बरोबर नाही, कारण उघडी चीर प्रत्येक वेळी उचलताना वाढत जाते.

यासाठी असे करा. चीर बंद करू नका. तिच्या कडा एकमेकींकडे ओढू नका. त्या आहेत तिथेच ठेवून खालून चारही बाजूंनी तीन बोटे मोठा असा धुतलेल्या मलमलीचा तुकडा घ्या, त्याचा ताणा लुगड्याच्या ताण्याशी जुळवा आणि चिरेवरून एकेरी सुती दोऱ्याचे लांब, सैल, समांतर टाके टाका, म्हणजे विरलेले धागे मलमलीवर नुसते टेकून राहतील. मलमलीच्या कडा दुमडू नका, दुमडीची जाडी वर उमटते. पुढे कोणाला हे नको वाटले तर कात्रीने दोरा कापून सगळे काढता येईल आणि लुगड्याला काही झालेले नसेल.

धुवायचे असेल तर आधी काठाच्या लाल रंगावर पांढरे ओले फडके दाबून पाहा. रंग उतरला तर धुऊ नका. आणि कृपा करून त्या पत्र्याच्या पेटीत परत घडी घालून ठेवू नका. पत्रा गंजतो, गंजाचा डाग जात नाही आणि त्या जागी कापड खंगते. मांजरपाट धुऊन, त्याची जाड गुंडाळी करून त्यावर लुगडे गुंडाळा, म्हणजे घडीच पडणार नाही.

पांझराकाठ

हे मला पटले. माझा विरोध लपवण्याला होता, टेकू देण्याला नाही.

केळीबाग (रावेर)

एक विचारायचे राहिले. दंडाच्या दोन्ही बाजूंचे काठ एकच आहेत का? आमच्याकडे आई सांगायची की दोन वेगळ्या लुगड्यांचा दंड असेल तर काठावरच्या रेघा मोजून ओळखता येतो, अंगाचा रंग कितीही जुळला तरी.

बोरीकाठ (अमळनेर), धागाकर्ती

काल दुपारी काम पूर्ण केले. चुलत बहीण आणि मी, दोघी खाटेच्या दोन बाजूंना बसलो होतो. मलमल आईच्या जुन्या ओढणीची घेतली. टाके टाकायला तीन तास लागले, कारण पहिल्या ओळीत मी सवयीने दोरा आवळला आणि ती सगळी उसवून पुन्हा घालावी लागली. अंगुस्तान नसल्यामुळे मधल्या बोटाला सुईचे नेढे टोचून टोचून भोक पडायचे बाकी होते. लुगडे धुतले नाही, कारण लाल रंग फडक्याला लागला.

केळीबाग यांनी विचारल्यामुळे काठ मोजले. दंडाच्या पदराकडच्या बाजूला लाल काठात बारीक पिवळ्या रेघा पाच आहेत, दुसऱ्या बाजूला सहा. हिरवा रंग इतका सारखा उतरला आहे की आम्हा दोघींना हे आठवडाभर दिसले नव्हते. आत्याला पुन्हा फोन केला. ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली की सहा रेघांचे लुगडे आजीच्या धाकट्या जावेचे. ती बाळंतपणात गेली. तिची लुगडी कोणाला द्यायला आजी तयार नव्हती. बोहारणीलाही दिली नाहीत.

चिरेवर टाके टाकले आहेत ते आजीच्या अर्ध्या भागावर आहेत. जावेच्या भागावर अजून एकही धागा विरलेला नाही.